निंबोल्यात न वाचलेली वही

माझी धाकटी जाऊ शांता रोज विचारते, "वन्सं सांगत होत्या, तुम्ही बऱ्हाणपूर बघून आलात. काय काय बघितलंत?" तोंडाने सांगायला बसले की मी दोन वाक्यांत संपवते. गर्दी नसली तरी माझी जीभ अडते. म्हणून लिहून ठेवते आहे. शांताला वाचायचे असेल तर वाचील, नाही तर माझ्या पेटीत राहील.

मी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक बघते. आमचे संस्थान विलीन झाले तेव्हा पागेतली यांची कारकुनी गेली, दोन वर्षांनी हेही गेले, आणि वसतिगृहात जागा आहे असे कोणीतरी सांगितले. माझे शिक्षण चौथीपर्यंत. संस्थानात मुलींनाही शाळेची सक्ती होती, न पाठवले तर दंड. चौथी झाली आणि दंडाची भीती संपली, तशी वडिलांनी पाटी काढून घेतली.

वसतिगृहातल्या मुली समाजकार्य शिकतात. म्हणजे नक्की काय, हे मला तीन वर्षे कळले नव्हते. मला वाटे, समाजाचे काम शिकायला कॉलेजात कशाला जायचे? यंदा नऊ मुली आठ दिवसांसाठी बऱ्हाणपूरजवळच्या निंबोला गावी जाणार होत्या आणि त्यांच्याबरोबर स्वयंपाकाला व सोबतीला बाईमाणूस हवे होते, म्हणून मी गेले.

बऱ्हाणपूर, राजपुरा

आमच्याबरोबर दोन शिक्षक होते. दामलेबाई परदेशात शिकून आलेल्या, पांढरे पातळ, हाताला घड्याळ, बोलणे मोजके. पाठकसर खादीचे, आधी कुठल्याशा आश्रमात सूत आणि संडास दोन्ही शिकवलेले. गाडीत बसल्यापासून दोघांचे सुरू झाले.

"मुलीला आधी वर्गात शिकवलं पाहिजे, दुसऱ्याच्या दुःखापुढे कसं बसायचं ते," बाई म्हणाल्या.

"दुःखापुढे बसायला वर्ग लागतो?" सर म्हणाले. "आधी त्यांच्याबरोबर पाणी भरू दे, शेण काढू दे. पुस्तक मागनं."

"पोहायला न शिकवता पाण्यात ढकलायचं."

"पोहायला शिकवताना कुणी वही-पुस्तक मागतं का, बाई?"

"बुडालेल्याकडे नाही मागत, खरं आहे."

मुली हसल्या. मीही पदर तोंडाला लावून हसले. भुसावळला गाडी बदलली तरी हे चालूच होते, पण दोघे एकमेकांना खिडकीजवळची जागा देत होते, त्यामुळे मला काळजी वाटली नाही.

पहिला मुक्काम राजपुऱ्यात, सरांच्या ओळखीच्या एका शाळामास्तरांकडे. जुन्या वेशीजवळ अरुंद गल्ली, दारांना निळा रंग. मास्तरांच्या घरच्या वहिनी मराठी बोलत, पण मुलांना हाक मारताना हिंदी येई. नवा मध्य प्रदेश नुकताच झाला होता आणि कचेऱ्यांवरच्या पाट्या ओल्या रंगाच्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "काल राजधानी नागपूर होती, आज भोपाळ झाली. आम्ही तर चूलसुद्धा हलवली नाही."

मला वाटले, ही तर आपलीच. आमचेही राज्य बदलले तेव्हा मी भाकरीच थापत होते.

संध्याकाळी बाजारात मांडे बघितले. आपल्याकडे मांडा म्हणजे पुरणाचा, सणाचा. इथे साध्या मैद्याचा, धोतराएवढा, उलट्या कढईवर भाजून घडी घालून देतात. सरांनी घेतला आणि दह्याबरोबर रस्त्यातच खाल्ला. वहिनींनी माव्याची जिलबी आणवली होती. काळपट, जाड, आणि एक खाल्ली की दुसरीची छाती होत नाही. मी दोन खाल्ल्या.

निंबोला

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीने निंबोल्याला. काळी जमीन, एका बाजूला केळीच्या बागा, दुसऱ्या बाजूला फुटलेला कापूस, आणि पुढे असीरगडाचा डोंगर. केळीच्या बागेतून वाट जाते तिथे भर दुपारी थंड लागते. आमचा मुक्काम शाळेत. स्वयंपाकाला तीन दगडांची चूल आणि जळण म्हणून कपाशीच्या वाळलेल्या काड्या, त्यांना तिथे पऱ्हाट्या म्हणतात. त्या भडकन पेटतात आणि पटकन विझतात. मला अंदाज नव्हता. पहिल्या दिवशीचा भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. सर म्हणाले, "राधाबाई, दोन्ही मतांचा भात केलात की." बाईंनी मुकाट्याने करपलेल्यातलाच वाढून घेतला.

शेजारच्या एका म्हातारीने मला कच्च्या केळ्यांची भाजी दाखवली. साल काढायची नाही, नुसती खरवडायची, आणि फोडी ताकात टाकायच्या म्हणजे काळ्या पडत नाहीत. ही मी घरी आल्यावर दोनदा केली.

मुलींचे काम असे. प्रत्येकीला एक घर नेमून दिलेले. रोज त्या घरी जायचे, बसायचे, बोलायचे, आणि परत आल्यावर झालेले बोलणे शब्दाला शब्द वहीत उतरवायचे. ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, मग ती काय म्हणाली. स्वतःच्या घरचे काही सांगायचे नाही, हा बाईंचा कडक नियम. दिवे लागले की सगळ्यांनी जमायचे आणि एकीदोघींनी आपली वही मोठ्याने वाचायची. एकीची चूक नऊजणींना शिकवते, असे बाई म्हणत.

वाचन शाळेच्या पडवीत, गॅसबत्तीच्या उजेडात. बाईंना दार लावून आत बसायचे होते. सर ऐकेनात. "गाव त्यांचं आहे. दार लावून आपण त्यांच्याबद्दल काय बोलणार? या म्हणावं सगळ्यांनी." त्यांनी स्वतः घरोघर सांगितले. बाई म्हणाल्या, ठीक आहे, मात्र वहीत कुणाचे नाव येणार नाही. अ बाई, ब बाई असे लिहायचे. सर कबूल झाले. मला तेव्हा दोघांचेही पटले.

माझ्यावर आणखी एक काम होते. कुसुम नावाची मुलगी, तिचे नेमलेले घर गावाबाहेर शेताजवळ, म्हणून तिच्याबरोबर मी जायचे. कुसुम जळगावकडच्या शेतकरी घरची. बावीस वर्षांची, हाडापेराने मजबूत, बोलायला माझ्यासारखीच. तिच्या भावाने तिला पाठवताना सांगितले होते, "एक वर्षही वाया गेलं तर सरळ घरी यायचं. स्थळ बघून ठेवलंय." या आठ दिवसांच्या कामाचे गुण बाईंच्या हातात होते, आणि त्यात नापास झाले की वर्ष गेले. हे कुसुमने मला तांदूळ निवडताना सांगितले. रडली नाही. खडे मात्र फार जोरात फेकत होती.

तिला नेमलेले घर हिराचे. हिरा सून, वय कुसुमएवढेच. दोन मुले जन्मल्याबरोबर गेलेली आणि आता पुन्हा दिवस होते. बऱ्हाणपूरच्या सरकारी दवाखान्यात जायला ती तयार नव्हती. का, ते कोणालाच सांगत नव्हती. कुसुमने ते कारण काढायचे, असे बाईंनी सांगितलेले.

आम्ही गेलो तेव्हा ती कापूस वेचायला निघालेली.

"कोठची वं तू? कोनाची पोरगी?" तिने कुसुमला विचारले.

कुसुमला नियम आठवला. ती म्हणाली, "मी तुमच्याशी बोलायला आलेय."

हिराने तिला खालपासून वरपर्यंत बघितले. "बोलाचं असंल तं ओटी बांध. बसाले फुरसत नाही मले."

कुसुमने पदर खोचला, कमरेला कापूस टाकायची ओटी बांधली आणि शेजारची ओळ धरली. मी पलीकडची. सुकलेल्या बोंडाची टोके बोटांना टोचतात. तासाभरात माझ्या नखांजवळ रक्त आले. हिरा काही बोलली नाही. आम्हीही नाही. दुसऱ्या दिवशीही तसेच. कुसुमने दोन्ही दिवस वहीत लिहिले, 'कापूस वेचला.'

दुसऱ्या संध्याकाळी विमल नावाच्या मुलीने तिची वही वाचली. हुशार मुलगी, अक्षर मोत्यासारखे. अ बाईच्या अंगणात दोन चिंचा आहेत, नवरा सुरतेला गिरणीत आहे, दोन वर्षे पत्र नाही, अ बाई सासूला खोटेच सांगते की पत्र येते, आणि स्वतःच मनाने वाचून दाखवते. विमलने फार छान लिहिले होते. बाईंनी मान डोलावली. सरांनी चष्मा पुसला.

मी मागे, भांड्यांजवळ, गावातल्या बायकांत बसले होते.

"अ बाई कोन वं हे?" एक म्हातारी हळूच म्हणाली.

"आपली दोन चिंचेवाली मथुरीच ना!"

"मंग ते पत्र?"

"आयकलं नाही का? खोटं वाचते."

कोणी कोणी हसले. त्या बायकांत मथुराची सासूही होती. ती उठून गेली. पुढे बाई विमलला समजावत होत्या की प्रश्न विचारताना 'का' कमी वापरावे.

मी तेव्हाच उठून सांगायला हवे होते. उठले नाही. भांडी विसळत बसले.

दुसऱ्या दिवशी गावाची दारे लागली. उघडीच होती, पण लागल्यासारखी. मुली जातील तिथे एकच उत्तर, "फुरसत नाही." दुपारपर्यंत आठ मुली शाळेत परत. बाई म्हणाल्या, मुलींनी फार जवळीक केली, अंतर राखले नाही. सर म्हणाले, मुली हातात वही-पेन घेऊन शिरल्या, लोक दचकणारच. दोघे तासभर बोलले. मी ऐकत होते आणि पिठात पाणी जास्त पडले.

मी आणि कुसुम शेतात मात्र गेलो, कारण हिराने आम्हाला घालवले नाही. कामाला दोन हात जास्त झाले होते म्हणूनही असेल. त्या दुपारी, ओळीच्या मधोमध, मान वर न करता, हिरा बोलायला लागली. समोरासमोर बसून ती कधीच बोलली नसती. हात चालू होते म्हणून तोंड चालले. कुसुमनेही नियम मोडला आणि आपल्या आईविषयी काहीतरी सांगितले. मग हिराने दवाखान्याचे कारण सांगितले. मी पलीकडच्या ओळीत होते, मला ऐकू आले. ते कारण मी इथेही लिहीत नाही.

सगळे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "हे तुमच्या वहीत नको घालू माय. तुमची वही दिवे लागले का बोलते."

कुसुम म्हणाली, "नाही घालत."

त्या दिवशीही तिच्या वहीत 'कापूस वेचला' एवढेच. पुढचे दोन दिवसही तसेच.

एका सकाळी दामलेबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि माझ्या सुपातले तांदूळ निवडू लागल्या. त्यांचा हात सवयीचा होता. मी धीर करून विचारले, "बाई, मुलींनी स्वतःचं का सांगू नये?"

त्यांनी सुपातला एक खडा बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "मी नवीन होते तेव्हा एका चाळीतल्या बाईला माझं एक दुःख सांगितलं. त्या दिवसापासून तीच माझं सांत्वन करायला लागली. मला चहा करून द्यायची. स्वतःचं एक अक्षर पुन्हा बोलली नाही. सहा महिन्यांनी तिने घर सोडलं, कुठे गेली मला कळलंसुद्धा नाही."

मला त्यांचा नियम तेव्हा कळला. मी मथुराच्या सासूचे सांगणार होते, तेवढ्यात मुली आल्या आणि माझे धैर्य संपले.

सातव्या दिवशी, जेवणानंतर, बाईंनी वह्या तपासल्या. मी चहाची किटली घेऊन आत गेले तेव्हा त्या कुसुमची वही वाचत होत्या. सगळ्यांदेखत.

"पहिला दिवस, कापूस वेचला. दुसरा दिवस, कापूस वेचला. तिसरा दिवस, कापूस वेचला. चौथा दिवस, कापूस वेचला, ऊन फार होते. पाचवा दिवस, कापूस वेचला. कुसुम, मी तुला मजूर म्हणून आणलं नव्हतं."

"मी मात्र आणलं होतं," सर म्हणाले. "बाई, नऊजणींत ही एकटीच काहीतरी शिकली."

"काय शिकली? दाखवा मला. हिच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत नाही. वही हीच माझी खिडकी आहे. तुमचं बरं आहे, तुम्हाला गुण द्यायचे नाहीत. कोऱ्या पानाला मी काय गुण देऊ?"

"घामाला द्या."

"मग बैलांनाही द्यावे लागतील."

सर हसले, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी कुसुमला विचारले, "तुला काही सांगायचंय?" कुसुमने मान हलवली. नाही. तिचे कान लाल झाले होते. बाईंनी लाल पेन्सिल उचलली.

"बाई, मी बोलू?"

हे मीच म्हटले होते. किटली हातातच होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितले आणि मला वाटले, आता ही जमीन फाटावी.

"बोला राधाबाई."

मी किटलीकडे बघत बोलले. विमलने वाचले त्या संध्याकाळी मागे काय झाले ते सांगितले. दोन चिंचांचे सांगितले, मथुराच्या सासूचे सांगितले. "गावात अ बाई कुणी नसते, बाई. नाव काढलं तरी अंगण राहतं." मग म्हटले की हिरा कुसुमशी बोलली आहे, पुष्कळ बोलली आहे, आणि वहीत घालू नको म्हणाली आहे. म्हणून पान कोरे आहे.

विमलने डोळ्याला पदर लावला.

"काय म्हणाली ती?" बाईंनी विचारले.

"ते नाही सांगणार, बाई."

"राधाबाई, मी हिची शिक्षिका आहे."

"हो. पण हिरा तुमच्याशी बोलली नाही. माझ्याशीही नाही. मी नुसती शेजारच्या ओळीत होते."

सर म्हणाले, "बघा! मी म्हणत होतो, या वह्याच—"

"सर, लोकांना तुम्ही बोलावलंत," मी म्हटले. माझ्या तोंडून कसे निघाले कोण जाणे. "बाई दार लावून वाचणार होत्या. त्यांनी दार लावलं असतं तरी चाललं असतं, वह्या न वाचता तुम्ही नुसतं लोकांना बोलावलं असतं तरी चाललं असतं."

सरांनी खाली बघितले आणि सतरंजीचा एक दोरा ओढू लागले. मी चहा ओतला. निम्मा बशीत सांडला.

बाईंनी लाल पेन्सिल खाली ठेवली. "कुसुम," त्या म्हणाल्या, "हिरा काय म्हणाली ते लिहू नकोस. तू काय केलंस ते लिही. काय वाटलं, कुठे चुकलीस, कुठला नियम मोडलास. ते तर तुझं आहे ना?"

"हो," कुसुम म्हणाली.

"उद्या गाडी सुटण्याआधी दे. त्यावरून बघते."

पास म्हणाल्या नाहीत. त्या संध्याकाळी गॅसबत्ती लावली नाही. बायका आल्या, अंधार बघून परत गेल्या. कुसुम कंदिलाजवळ लिहीत बसली, खोडत बसली.

राजघाट

आठव्या दिवशी पहाटे बाई एकट्याच मथुराच्या घरी गेल्या. मी पाण्याला जाताना बघितले. आतून आवाज आला, "फुरसत नाही." बाई परतल्या नाहीत. चिंचेखालच्या ओट्यावर बसल्या. मी दोन खेपा केल्या तरी बसलेल्याच. नंतर परत आल्या आणि बिछाने बांधू लागल्या.

हिरा सडकेपर्यंत आली. कुसुमने तिचा हात धरला. हिरा म्हणाली, "वेचनी झाली का जाईन दवाखान्यात." ती गेली की नाही हे मला आजही माहीत नाही.

बऱ्हाणपूरला गाडीला वेळ होता म्हणून सरांनी आम्हाला राजघाटावर नेले. तापी तिथे रुंद आणि संथ आहे. पायऱ्यांवर धोब्यांचे कपडे वाळत होते, पात्रात एक हत्तीसारखा मोठा खडक होता आणि मुलगे त्यावरून उड्या मारत होते. मी पाण्यात पाय सोडून, हात बुडवून बसले. आठ दिवसांत पहिल्यांदा माझी बोटे दुखेनाशी झाली.

कुसुमने चार पाने बाईंच्या हातात दिली आणि लांब जाऊन उभी राहिली. विमल तिच्याजवळ गेली. बाई आमच्याकडे पाठ करून, नदीकडे तोंड करून वाचू लागल्या. एकदा वाचून झाल्यावर पहिले पान पुन्हा काढले. वारा होता, त्यांनी कागद छातीशी धरून वाचले. मग पेन काढले, शेवटच्या पानाखाली सही केली, पानांची घडी घातली आणि ती वहीत न ठेवता कुसुमच्या हातात परत दिली.

सरांना राहवेना. "बाई, पास तरी झाली का?"

"झाली."

"लिहिलंय काय एवढं?"

"ते कुसुमला विचारा."

सर कुसुमकडे गेले. ती घडी ब्लाउजात खोचत होती. "सर, गाडीची वेळ झाली," ती म्हणाली.

मग ते माझ्याकडे आले. "राधाबाई, तुम्हाला तरी माहीत असणार. तुम्ही तर शेजारच्या ओळीत होतात."

मी दशम्यांचे गाठोडे सोडले आणि दोन त्यांच्या हातावर ठेवल्या.